तीन बोटांतली चाल: अर्ल स्क्रग्जविषयी

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात गिटार वाजवतो. अलीकडे ब्लूग्रास ऐकायला लागलोय. जो-तो अर्ल स्क्रग्जचं नाव घेतो. मला मात्र सगळेच बँजोवाले सारखेच सुसाट वाटतात. या माणसाने वेगळं काय केलं? आणि त्याची कारकीर्द कशी घडली?"

मी १९ वर्षं पाच तारांचा बँजो वाजवतेय, त्यातली ११ वर्षं शिकवतेही. नॉर्थ कॅरोलायनात राहते. स्क्रग्जचा मुलूख माझ्या घरापासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, पण हा विषय माझ्या रोजच्या हाताखालचा आहे.

"सगळेच सुसाट" हे तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. ब्लूग्रास या अमेरिकन ग्रामीण संगीतप्रकारातला बँजो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आधी वेगच ऐकू येतो. पण वेगाने वाजवणारे स्क्रग्जनंतर ढिगाने झाले, त्यातले काही त्याच्याहून वेगवान आहेत. स्क्रग्जचं वेगळेपण असं की सुरांच्या त्या सरीतून गाण्याची चाल अखंड ऐकू येते. गाण्याचे शब्द माहीत असतील तर त्याच्या बँजोबरोबर ते सहज म्हणता येतात. त्याचा मोठेपणा मला इथे दिसतो, आणि त्याची कारकीर्दही याच धाग्याने सांगता येते.

आधी वाद्याचं स्पष्ट करते, कारण महाराष्ट्रात इथे हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे बँजो म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी डोळ्यांपुढे येते. ते वाद्य बुलबुल तरंगाच्या कुळातलं, बटणं दाबून वाजवायचं, मुळात जपानकडून आलेलं. अमेरिकन बँजोचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. इथे गोल लाकडी कड्यावर डफासारखं ताणलेलं कातडं असतं (आता बहुधा प्लॅस्टिकचं), त्याला लांब दांडी आणि पाच धातूच्या तारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपल्या वाद्यांच्या आठवणीतून हे घडवलं, आणि सुरुवातीला त्याचं पोट भोपळ्याचं असायचं. माझं माहेर मिरजेचं. सतारमेकरांच्या दुकानांपुढे रचलेले भोपळे बघत शाळेत गेलेल्या मुलीला हे वाचल्यावर बँजो परका वाटणं शक्यच नव्हतं.

तारा कशा लावतात तेही बघा. षड्ज धरून बोलायचं तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी गंधार, पहिली पंचम. पाचवी तार आखूड असते, ती दांडीच्या मध्यावर, पाचव्या पडद्याजवळच सुरू होते आणि तार षड्जात वाजते. ती अंगठ्याखाली असते आणि चाल कुठेही गेली तरी मधूनमधून खणखणत राहते. सतारीची चिकारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना या तारेचं काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता स्क्रग्ज. जन्म ६ जानेवारी १९२४, नॉर्थ कॅरोलायनातल्या क्लीव्हलँड काउंटीत, फ्लिंट हिल नावाच्या वस्तीत. सगळा कापसाचा प्रदेश. वडील जॉर्ज शेती करायचे आणि बँजो वाजवायचे. अर्ल चार वर्षांचा असताना ते वारले. आई ल्यूला पायपेटी वाजवायची. भाऊ ज्यूनी बँजोवर, हॉरेस गिटारवर. अशा घरात वाद्यं खुंटीवरच असतात, कुणी "शिकवणी" लावत नाही. मोठ्यांचं बघायचं आणि त्यांचा हात सुटला की आपण घ्यायचं.

तीन बोटांची पद्धत स्क्रग्जने शोधली असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही, आणि त्याने स्वतःही तसा दावा केला नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी बँजो नखाने खाली फटकारत आणि अंगठ्याने पाचवी तार छेडत वाजवत. पण कॅरोलायनांच्या त्या पट्ट्यात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वापरणारे लोक आधीपासून होते. स्मिथ हॅमेट हे त्यांतलं एक नाव, स्नफी जेंकिन्स हे दुसरं. ज्यूनीही तीन बोटांनी वाजवायचा. म्हणजे पद्धत परिसरात होतीच. तिला ओघ नव्हता. ती अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी चालायची.

तो ओघ सापडल्याची गोष्ट स्क्रग्ज पुढे अनेकदा सांगत असे. वय दहा. हॉरेसशी भांडण झालेलं, त्या घुश्श्यात एका खोलीत बसून तो 'रूबेन' नावाची जुनी चाल वाजवत होता. मन दुसरीकडेच होतं. अचानक लक्षात आलं की तीन बोटं एकामागून एक न अडखळता फिरताहेत. "जमलं, जमलं" म्हणत तो बाहेर धावला. मग तीच एक चाल तो सतत वाजवत राहिला. आणखी एक गोष्ट तो आईबद्दल सांगायचा, जी मला या पहिल्या गोष्टीपेक्षा मोलाची वाटते. आईने त्याला बजावलं होतं की वाजवायचंच असेल तर चाल ओळखू येईल असं काहीतरी वाजव. नव्या युक्तीच्या नादात सूर नुसते सांडणाऱ्या पोराला घरातून मिळालेला हा धडा होता.

आणि लय? त्यासाठी दोघा भावांनी एक खेळ काढला होता. घराच्या पुढच्या अंगणात दोघांनी एकत्र गाणं सुरू करायचं आणि वाजवत वाजवत एकाने घराच्या डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून निघायचं. मधे घर आलं की एकमेकांचं ऐकू येत नाही. मागच्या बाजूला भेट झाली की बघायचं, अजून एकाच ठिकाणी आहोत का. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरून देणारं यंत्र, नसलेल्या घरातली ही तालीम. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे आजही करायला लावते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तीन बोटं फिरवत वाजवायच्या बांध्याला आम्ही रोल म्हणतो. एका आवर्तनात आठ सूर. पण तीन बोटं आठात सारखी वाटली जात नाहीत, म्हणून ती ३-३-२ अशी पडतात: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. खालचा ठेका चारांचा सरळ, वर ही तिरकी वाटणी. ढोलकी किंवा तबला ऐकून वाढलेल्या कानाला यातली गंमत लगेच कळते. ब्लूग्रास पुढे ढकलल्यासारखं का वाटतं, याचं निम्मं कारण ही वाटणी आहे.

पण नुसता रोल म्हणजे यंत्र. स्क्रग्जची करामत अशी की चालीचा प्रत्येक महत्त्वाचा सूर या आठांपैकी नेमक्या जागी येईल असा तो रोल बदलत राहतो. चालीचा सूर मधेच हवा असेल तर बोटांचा क्रम त्या क्षणी फिरवतो. चालीचा सूर थोडा जोरात, बाकीचे त्याच्या आधाराला. एका गाण्यात किती वेळा क्रम बदलला हे मोजायला बसलं तर थक्क व्हायला होतं, आणि ऐकताना मात्र एकही सांधा दिसत नाही.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते, तुम्ही गिटारवाले आहात म्हणून. 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही त्याची सगळ्यांत गाजलेली रचना. तिची सुरुवात अशी. बोटं: तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा. तारा: दुसरी, पहिली, दुसरी, पहिली, पाचवी, दुसरी, पहिली, पाचवी. पहिल्या आणि तिसऱ्या सुराला डाव्या हाताने दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्या पडद्यावर बोट आपटायचं, म्हणजे तीव्र मध्यमावरून पंचमावर उडी. नीट बघा: दुसरी तार एकच सूर मधे ठेवून दोनदा येते, पण पहिल्यांदा ती तर्जनीने वाजते आणि दुसऱ्यांदा अंगठ्याने. अंगठा आपली जागा सोडून आत येतो, वाजवतो आणि पाचव्या तारेवर परत जातो. नवशिके दोन्ही वेळा तर्जनीच वापरतात. मलाही सुरुवातीला एका शिक्षकाने तसंच शिकवलं होतं, आणि दोन वर्षं माझा हात एका वेगापलीकडे जाईना. एकच बोट इतक्या लवकर त्याच तारेवर परत येऊ शकत नाही, ते आखडतं. अंगठा आत आणायला शिकले आणि पंधरवड्यात गाठ सुटली. अंगठ्याचा सूर तर्जनीच्या सुरापेक्षा भरदार असतो, त्यामुळे तो दुसरा पंचम पहिल्यापेक्षा ठसठशीत उमटतो. दोन्ही पंचम सारखेच वाजले असते तर ते वाक्य सपाट झालं असतं.

कारकिर्दीकडे येते. १९३९ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो मॉरिस ब्रदर्सबरोबर रेडिओवर वाजवू लागला. पण घरी पैसे हवे होते. युद्धाच्या वर्षांत तो शेल्बीच्या लिली मिल्स या सूतगिरणीत कामाला होता, तासाला ४० सेंट. युद्ध संपलं तसा तो पुन्हा वाद्याकडे वळला, आणि डिसेंबर १९४५ मध्ये नॅशव्हिलला बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये दाखल झाला.

मन्रो केंटकीचा, मँडोलिन वाजवणारा आणि उंच पट्टीत गाणारा. केंटकीला ब्लूग्रासचं राज्य म्हणतात, त्यावरून बँडचं नाव, आणि बँडच्या नावावरून पुढे या संगीताचं. दर शनिवारी 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओचा कार्यक्रम रायमन ऑडिटोरियममधून प्रसारित व्हायचा आणि डब्ल्यूएसएम या नॅशव्हिलच्या रेडिओ केंद्राच्या लहरींवरून दूरदूरच्या खेड्यांत ऐकला जायचा. स्क्रग्ज तिथे पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा बँजो हे विनोदवीराच्या हातातलं वाद्य होतं. त्याच्या आधी मन्रोकडे असलेला स्ट्रिंगबीन गंमतीदार वेशात यायचा. अंकल डेव्ह मेकन हा जुना जाणता बँजोवाला तर हसवण्यासाठीच प्रसिद्ध होता. स्क्रग्जला ऐकून तो म्हणाला म्हणे की पोरगा वाजवतो चांगलं, पण जराही हसवत नाही. माझ्या दृष्टीने ही मोठी पावतीच होती. २१ वर्षांचा एक गंभीर चेहऱ्याचा मुलगा स्थिर उभा राहतो, नजर वाद्यावर, आणि सभागृह डोक्यावर घेतं. त्या रात्रींच्या टाळ्या ध्वनिमुद्रणांतही ऐकू येतात. बँजोचा तुकडा आला की गर्दी उसळते.

आधी बँडचा गिटारवादक लेस्टर फ्लॅट बँजोच्या बाजूने नव्हता. त्याने ऐकलेल्या बँजोवाल्यांना मन्रोचा वेग पेलत नसे. स्क्रग्जला ऐकल्यावर याला घ्याच असं सांगणारा तोच. मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) चब्बी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स, या पाच जणांनी १९४६ च्या सप्टेंबरमध्ये आणि १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांच्यावर ब्लूग्रासची घडण आजही उभी आहे. आमच्याकडे कुणी नवा आला की पहिल्यांदा तीच ऐकायला देतो.

बाहेरून हे वैभवाचं दिसतं, आतून फार दमवणारं होतं. लांब केलेल्या शेवरले गाडीत सगळे कोंबून, वर वाद्यं बांधून, आठवडाभर गावोगाव कार्यक्रम. शनिवारी काहीही करून नॅशव्हिल गाठायचं, कारण ऑप्री चुकवायची नाही. तंबूतले खेळ करताना तंबू ठोकायलाही हात लावायचा. त्यात मन्रोला बेसबॉलचं वेड, त्यामुळे गावातल्या संघाशी सामनाही. आपल्याकडच्या तमाशा फडांच्या फिरतीबद्दल ज्यांनी वाचलं-ऐकलं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. दोन वर्षांत स्क्रग्ज थकला. १९४८ च्या सुरुवातीला त्याने बँड सोडला, घरी आईकडे जायचा बेत होता. पाठोपाठ फ्लॅटनेही सोडलं आणि दोघांनी 'फॉगी माउंटन बॉइज' हा स्वतःचा बँड काढला. मन्रोला हे फार लागलं. तो दोघांशी वर्षानुवर्षं बोलला नाही, आणि ऑप्रीचं दार त्यांना १९५५ पर्यंत उघडलं नाही. फ्लॅट आणि मन्रो यांची दिलजमाई १९७१ मध्ये बीन ब्लॉसमच्या महोत्सवात झाली.

याच काळात स्क्रग्जच्या हाती त्याचा कायमचा बँजो आला, गिब्सन ग्रॅनडा. तो आधी स्नफी जेंकिन्सने गहाणवट दुकानातून घेतला होता, त्याच्याकडून तो डॉन रेनोकडे गेला. रेनो हा स्क्रग्जच्या तोडीचा बँजोवादक. मन्रोने १९४३ मध्ये आधी त्यालाच विचारलं होतं, पण तो सैन्यात गेला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढला. परत आला तेव्हा त्याची जागा स्क्रग्जने घेतलेली होती. स्क्रग्जने रेनोशी अदलाबदल केली: आपला बँजो देऊन तो ग्रॅनडा घेतला. रेनोने पुढे मुद्दाम वेगळी, गिटारच्या अंगाने जाणारी शैली घडवली, कारण लोक त्याला स्क्रग्जची नक्कल म्हणू लागले होते. तुम्ही गिटारवाले आहात तर रेनो जरूर ऐका, त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही.

'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ११ डिसेंबर १९४९ रोजी सिनसिनाटीत मर्क्युरी कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. त्यात एक जागा आहे जी मी शंभरदा ऐकली असेल. बँजो ई मायनरवर जातो, म्हणजे धैवत, षड्ज, गंधार. आणि त्याच वेळी फ्लॅटची गिटार ई मेजर वाजवते, ज्यात षड्जाऐवजी कोमल रिषभ आहे. बँजोचा षड्ज आणि गिटारचा कोमल रिषभ एकमेकांना घासतात. आज कुणी स्टुडिओत असं केलं तर पुन्हा घ्यायला लावतील. त्या मुद्रणात मात्र त्या घर्षणामुळे एक खडबडीत धार आली आहे. पुढे कितीतरी चकचकीत मुद्रणं झाली, स्क्रग्जने स्वतः २००१ मध्ये नामवंतांना घेऊन ती रचना पुन्हा केली आणि तिला ग्रॅमीही मिळालं, तरी मी विद्यार्थ्यांना १९४९ चीच ऐकवते.

त्याच्या हातात कारागिरही होता. १९५१-५२ च्या सुमाराच्या 'अर्ल्स ब्रेकडाउन' आणि 'फ्लिंट हिल स्पेशल' या रचनांत तो वाजवता वाजवता तार उतरवतो आणि पुन्हा नेमक्या सुरात चढवतो. नुसती खुंटी पिळून हे दरवेळी अचूक साधत नाही, म्हणून त्याने बँजोच्या माथ्याला भोकं पाडून जादा खुंट्या बसवल्या. त्या फिरवल्या की तार ठरलेल्या जागी जाऊन थांबायची. बिल कीथ या पुढच्या पिढीतल्या वादकाने त्याच कल्पनेवरून सुधारित खुंट्या बनवल्या, त्या आज जगभर विकल्या जातात. माझ्याही बँजोला आहेत. हा माणूस तार वाकवून मींडसारखा परिणाम काढत होता, पण आधी त्यासाठी लागणारं हत्यार घडवून. मला त्याची ही चिकाटी फार जवळची वाटते.

कारकीर्द म्हणजे नुसतं वाजवणं नव्हे, आणि इथे लुईझचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४८ मध्ये स्क्रग्जचं अ‍ॅन लुईझ सर्टन हिच्याशी लग्न झालं. बँडचे कार्यक्रम ठरवणं, पैसे, करार, सगळं हळूहळू तिने हाती घेतलं. तेव्हा कंट्री संगीतात व्यवस्थापक म्हणून बायका जवळपास दिसत नव्हत्या. १९५३ मध्ये मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने त्यांना प्रायोजित केलं आणि डब्ल्यूएसएमवर भल्या पहाटे त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाकघरात बिस्किटांचं पीठ मळणाऱ्या बायका रोज सकाळी फ्लॅट आणि स्क्रग्ज ऐकू लागल्या. याच कंपनीने आग्रह धरला म्हणून १९५५ मध्ये ऑप्रीचं दार उघडलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आई आजारी असल्याचं कळून तो कुटुंबासह रात्री गाडीने नॉर्थ कॅरोलायनाला निघाला आणि मोठा अपघात झाला. कमरेची हाडं मोडली. त्या दुखण्याने त्याला उरलेल्या आयुष्यात सोडलं नाही, पुढे नितंबाच्या सांध्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. तासन्‌तास उभं राहून जड बँजो गळ्यात अडकवणाऱ्या माणसाला हे काय असतं, ते मी सांगू शकते. धातूचं कडं असलेला बँजो चार-पाच किलोंचा असतो आणि सगळा भार डाव्या खांद्यावरून कमरेत उतरतो.

पुढचं थोडक्यात. १९५९ मध्ये न्यूपोर्टच्या पहिल्या फोक महोत्सवात शहरी तरुणांनी त्याला ऐकलं, १९६२ मध्ये बँडने कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. त्याच वर्षी 'बेव्हर्ली हिलबिलीज' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतात त्याचा बँजो होता, आणि फ्लॅट-स्क्रग्जने ध्वनिमुद्रित केलेली आवृत्ती १९६३ च्या जानेवारीत कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. सुरुवातीला लुईझने या मालिकेला नकार दिला होता, कारण डोंगराळ भागातल्या लोकांची टिंगल होईल अशी तिला भीती होती. पहिला भाग बघून तिची खात्री पटल्यावर होकार आला. १९६७ मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' चित्रपटात १९४९ चं ते मुद्रण वापरलं गेलं आणि 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' जगभर पोचलं. चित्रपट १९३० च्या दशकातला आहे, तेव्हा हे संगीत जन्मालाही आलं नव्हतं, पण पाठलागाच्या गाडीशी बँजोची जोडी तेव्हापासून पक्की झाली. तुम्हाला सगळेच "सुसाट" वाटतात, त्यात या जोडीचाही वाटा असावा.

१९६९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज वेगळे झाले. फ्लॅटला जुनी गाणी आणि जुना बाज हवा होता. स्क्रग्जची मुलं गॅरी आणि रँडी मोठी झाली होती, ड्रम आणि इलेक्ट्रिक वाद्यांबरोबर वाजवत होती, आणि बापाला त्यांच्यात सामील व्हायचं होतं. 'अर्ल स्क्रग्ज रेव्ह्यू' हा त्यांचा बँड. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. त्याच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध झालेल्या प्रचंड मोर्च्यात त्याने मुलांसह वाजवलं. नॅशव्हिलच्या कंट्री जगात तेव्हा हे करायला धैर्य लागत होतं, आणि या एका गोष्टीसाठी मला तो माणूस म्हणूनही मोठा वाटतो. रेव्ह्यूची सगळीच मुद्रणं मला आवडत नाहीत, काहींत ड्रमखाली बँजो दबून जातो. पण पन्नाशीकडे झुकलेला, सर्व मानमरातब मिळालेला वादक पोरांच्या मागे उभा राहून साथ करतो, हे मी मनापासून आदराने बघते. १९७१ मध्ये नॅशव्हिलला 'निटी ग्रिटी डर्ट बँड' या तरुण मंडळींनी जुन्या कलावंतांबरोबर जे मोठं ध्वनिमुद्रण केलं, त्यात दोन पिढ्यांना जोडणारा दुवा तोच होता.

साथ हा शब्द आला, तर तिथे जरा थांबते. स्क्रग्ज नीट ऐकायचा असेल तर त्याचे एकट्याचे तुकडे बाजूला ठेवा आणि फ्लॅट गात असताना मागे तो काय करतो ते ऐका. गायकाचा शब्द चालू असताना बँजो खाली उतरतो, मऊ होतो. ओळ संपून श्वासाची जागा आली की दोन-चार सूर भरून पुढच्या ओळीच्या दाराशी गायकाला आणून सोडतो. संवादिनीची साथ करणारा जाणकार हेच करतो. आणि बँडने चार आवाजांत भक्तिगीत म्हणायला घेतलं की तो बँजो पूर्ण ठेवून द्यायचा आणि 'कार्टर फॅमिली' या जुन्या बँडमधल्या मेबेल कार्टरच्या वळणाने बोटांनी गिटार वाजवायचा. आपलं हुकमी वाद्य नेमक्या वेळी खाली ठेवणं सोपं नसतं.

१९७५ मध्ये तो स्वतःचं छोटं विमान चालवत एका कार्यक्रमाहून परतताना नॅशव्हिलला दाट धुक्यात धावपट्टीपुढे गेला आणि विमान उलटलं. घोटा मोडला, नाक मोडलं, आणि मदत मिळेपर्यंत काही तास तो एकटाच पडून होता. फ्लॅट १९७९ मध्ये गेला. त्याआधी स्क्रग्ज त्याला इस्पितळात भेटून आला होता. पुढे पाठीच्या दुखण्याने दौरे जवळजवळ बंद झाले. १९८५ मध्ये कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा समावेश झाला, १९९२ मध्ये स्क्रग्जला राष्ट्रीय कलापदक मिळालं. लुईझ २००६ मध्ये गेली. २८ मार्च २०१२ रोजी, ८८ व्या वर्षी, नॅशव्हिलला त्याचं निधन झालं. अंत्यविधी रायमनमध्ये झाला, जिथे १९४५ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा उभा राहिला होता. शेल्बीच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत २०१४ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

आता तुम्ही काय करा. त्याचं एक सावकाश गाणं घ्या, आधी शब्द पाठ करा, मग बँजोचा तुकडा लागला की ते शब्द मनात म्हणा. कुठला सूर कुठल्या अक्षरावर पडतो ते सापडायला लागेल. दोन आठवडे हे केलंत की दुसऱ्या कुणाचा बँजो लावा. शब्द बसतात की गळून पडतात ते स्वतःच ऐका. बँजो घ्यायचा विचार असेल तर अंगठ्यासाठी प्लॅस्टिकची आणि दोन बोटांसाठी धातूची नखी लागेल. ती पहिला महिनाभर रुततात आणि तारांवर खरखरतात, तरी काढू नका. कातड्याचा बँजो कुणी दिला तर पुण्याच्या पावसाळ्यात तो तबल्यासारखा सैल पडेल, म्हणून प्लॅस्टिकचंच बघा.

आणि कुणी जोडीदार मिळाला तर घराभोवतीचा तो खेळ खेळा. परवा रविवारी माझ्याकडे शिकणाऱ्या दोघी, एक बँजोवर आणि एक गिटारवर, पुढच्या पायरीवरून निघाल्या. मी स्वयंपाकघरात होते, डाव्या खिडकीतून एकीचं आणि उजव्या खिडकीतून दुसरीचं ऐकू येत होतं. मागच्या दाराशी पोचल्या तेव्हा बँजो अर्धी मात्रा पुढे होता. दोघी थांबल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढच्या पायरीकडे गेल्या.